कुरकुर, तक्रार आणि गाऱ्हाणें

मराठी भाषेंत आनंद व्यक्त करणारे शब्द मोजावयास बसलें, तर थोड्याच वेळांत थांबावें लागतें. आनंद, हर्ष, संतोष, समाधान, उल्हास असे आठदहा शब्द झाले, कीं पुढें स्मरणशक्तीस ताण द्यावा लागतो. आणि आठवलेल्यांपैकीं बहुतेक संस्कृतांतून जसेच्या तसे आलेले, म्हणजे पाहुण्यांसाठीं फडताळांत राखून ठेवलेल्या भांड्यांसारखे. परंतु मनासारखें झालें नाहीं हें सांगणारे शब्द मोजूं लागा. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कटकट, चिडचिड, तणतण, धुसफूस, कुरबूर, चरफड, जळफळ, त्रागा, वैताग, रुसवा, फुगवा, नाराजी, खंत, तक्रार, कागाळी, गाऱ्हाणें, फिर्याद, निषेध! दम संपेल, परंतु यादी संपणार नाहीं. आणि हीं सारीं रोजच्या वापरांतलीं भांडीं आहेत. घांसून घांसून गुळगुळीत झालेलीं.

गेलीं वीस वर्षें मी मराठी शिकवितें. शाळेच्या पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत यांतील निम्मे तरी शब्द माझ्या कानांवरून जातात, आणि उरलेले घरीं गेल्यावर भेटतात. त्यामुळें या शब्दांच्या कुटुंबाशीं माझा चांगलाच घरोबा जमला आहे. या लेखांत वाचकांशीं त्यांची थोडी ओळख करून द्यावी, असा माझा विचार आहे. मनांतील असमाधान कोणत्या शब्दांत ठेवावें, आणि दुसऱ्याच्या असमाधानाला कोणतें नांव द्यावें, यावर पुष्कळदां माणसाचें बरेंवाईट अवलंबून असतें, असें मला अनुभवानें वाटूं लागलें आहे. म्हणून ही ओळख केवळ भाषेच्या हौसेपुरती राहूं नये, अशी इच्छा आहे.

प्रथम नादावरून बनलेले शब्द घेऊं. मोल्सवर्थ साहेबांच्या १८५७ सालच्या कोशाचीं पानें कोणीहि चाळलीं, तर आपल्या भाषेनें असे ध्वनीचें अनुकरण करणारे शब्द किती हौसेनें जमविले आहेत तें दिसून येईल. असमाधानाच्या बाबतींत तर ही हौस फारच वाढलेली आहे. वंगण आटलेलें चाक कुरकुर करतें. रातकिडा किरकिर करतो. आषाढांतला बारीक पाऊस पिरपिर करतो, धड कोसळतहि नाहीं आणि धड थांबतहि नाहीं. बंद खिडकीशीं अडकलेली माशी भुणभुण करते. हे सर्व आवाज आपल्या पूर्वजांनीं ऐकिले, आणि नाखूष माणसाच्या बोलण्यांत त्यांना तेच आवाज ऐकूं आले. ही कल्पकता खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु तिच्यांत एक अन्याय लपलेला आहे. ‘तो कुरकुर करतो’ असें म्हटलें, कीं तो काय म्हणाला तें आपण सांगितलेंच नाहीं. त्याच्या बोलण्याचा अर्थ वगळून आपण फक्त आवाज तेवढा ठेविला. गाडीवान मात्र आपल्यापेक्षां शहाणा असतो. चाक कुरकुरूं लागलें, कीं तो चाकाला रागें भरत नाहीं. गाडी थांबवितो आणि वंगण घालतो.

पवित्र शास्त्रांत इस्राएल लोक अरण्यांत मोशेविरुद्ध बोलूं लागल्याचें वर्णन आहे. तेथें मराठी भाषांतरकारांनीं ‘कुरकुर’ हाच शब्द योजिला आहे, आणि आम्ही लहानपणापासून तो दोषाचा शब्द म्हणून शिकलों. परंतु त्याच कथेंत हेंहि सांगितलें आहे कीं त्या लोकांस खरोखरच तहान लागली होती, आणि त्यांना पाणी मिळालेंहि. कुरकुरीच्या आंत पुष्कळदां अशी एक खरी तहान असते. ती शोधावयाची, तर प्रथम आवाजाच्या मागें अर्थ आहे हें मान्य करावें लागतें.

कित्येक वेळां असमाधान तोंडावाटे बाहेर पडतच नाहीं. तें अवयवांवाटे पडतें. त्यासाठींहि मराठीनें तजवीज केलेली आहे. नाक मुरडणें, तोंड वाकडें करणें, कपाळाला आठ्या घालणें, पाय आपटणें, मान फिरविणें, आणि स्वयंपाकघरांतली आदळआपट! ताट किती जोरानें ठेवलें गेलें, यावरून त्या दिवशीं घरांत काय बिनसलें आहे हें ओळखणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. या बोलीला व्याकरण आहे, परंतु शब्द नाहींत. म्हणून तिच्यांत राग कळतो आणि कारण कळत नाहीं.

याच मुक्या बोलीचा एक गोड प्रकार म्हणजे रुसणें. राग कोणावरहि येतो. वाटेनें जाणाऱ्या अनोळखी माणसावरहि येतो. रुसावयास मात्र आपलें माणूस लागतें. टपालाच्या खिडकीवरील कारकुनावर कोणी रुसत नाहीं. जो आपली समजूत काढावयास येईल अशी मनांतून खात्री असते, त्याच्यावरच माणूस रुसतें. रुक्मिणी रुसून द्वारकेहून निघाली व दिंडीरवनांत येऊन राहिली, ही कथा महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक आहे, आणि पंढरपुरांत आजहि तिचें देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्याहून निराळें आहे. लग्नाच्या मांडवांतली रुसलेली विहीण, दिवाळसणाला रुसलेला जांवई, खाऊवरून रुसलेलें लेकरूं, या सर्वांच्या रुसव्यांत एक अध्याहृत वाक्य असतें: ‘मी तुम्हांला हवा आहें ना?’ म्हणून मनधरणी हा शब्द रुसव्याच्या जोडीनेंच जन्मास आला असावा, असें मला वाटतें. परंतु ज्याची समजूत काढावयास कोणीच येत नाहीं, त्याचा रुसवा फार दिवस रुसवा राहत नाहीं. त्याची अढी होते.

आतां घराबाहेर पडून कचेरींत येऊं. येथील शब्दांचा पोशाख निराळा आहे, कारण ते परमुलखांतून आलेले आहेत. बहामनी आणि आदिलशाही अमलांत राज्यकारभाराच्या दप्तरांतून फारसी भाषा वावरत होती, आणि अन्याय झालेल्या माणसाला दप्तराशीं बोलावयाचें तर दप्तराचेच शब्द शिकावे लागत. पुढें छत्रपति शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश तयार झाला व कारभारांतल्या परभाषेंतील शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरीहि तक्रार, फिर्याद आणि दाद हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहींत. गरज पडली असतां उपयोगीं आलेला शब्द माणूस सहसा सोडीत नाहीं.

या शब्दांचे मूळ अर्थ मोठे बोधप्रद आहेत. ‘तक्रार’ हा शब्द अरबी. त्याचा तिकडील अर्थ ‘पुनरावृत्ति’, म्हणजे तीच गोष्ट पुन्हां पुन्हां करणें. एकदां सांगून कोणी ऐकिलें नाहीं, म्हणून दुसऱ्यांदां सांगितलें. दुसऱ्यांदां ऐकिलें नाहीं, म्हणून तिसऱ्यांदां. सांगणाऱ्याला तक्रारखोर म्हणण्यापूर्वीं, त्याला तीच गोष्ट इतक्यांदां कां सांगावी लागली, असें हा शब्दच आपल्याला विचारतो. ‘फिर्याद’ फारसी; मूळ अर्थ मदतीसाठीं फोडलेली हांक. ‘दाद’ हीहि फारसी. मूळ अर्थ न्याय. आपण न्यायालयांत दाद मागतों, आणि गवयानें सुरेख तान घेतली कीं त्याला दाद देतों. वरवर पाहतां या दोन गोष्टींचा संबंध दिसत नाहीं. परंतु विचार केला म्हणजे कळतें कीं ज्याचें जें आहे तें त्याला देणें हाच दोन्हींचा अर्थ. गवयाला त्याचें कौतुक, पीडिताला त्याचा न्याय. ‘हुज्जत’ या अरबी शब्दाची मात्र आपल्याकडे पुरती अवनति झाली. मुळांत त्याचा अर्थ पुरावा, प्रमाण; मराठींत तो निरर्थक वादाचा वाचक झाला. पुरावा मागणारा माणूस ऐकणाऱ्याला भांडखोर वाटूं लागला, कीं शब्दाची अशी दशा होते.

या सर्वांत मला अत्यंत प्रिय असलेला शब्द ‘गाऱ्हाणें’ हा होय. दक्षिण कोंकणांत ग्रामदेवतेपुढें गाऱ्हाणें घालण्याची चाल आहे. गांवचा मानकरी किंवा गुरव देवळांत उभा राहतो, देवाला नांवानें हांक मारतो, आलेलें संकट कोणतें, तें कोणावर आलें, आणि देवानें काय करावें, हें एकेक वाक्यानें स्पष्ट सांगतो. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटीं जमलेली मंडळी एका सुरांत म्हणतात, ‘व्हय महाराजा!’ ज्यांची या उपासनेवर श्रद्धा नाहीं त्यांनींहि या रचनेकडे लक्ष द्यावें. ऐकणारा कोण हें ठरलेलें आहे. दुःख काय हें सांगितलेलें आहे. हवें काय हेंहि सांगितलेलें आहे. आणि बोलणारा एकटा नाहीं. कुरकुरींत यांतलें एकहि नसतें. कुरकुर भिंतीला ऐकवितात, गाऱ्हाणें कोणापुढें तरी मांडतात. ‘मांडणें’ हें क्रियापदच पाहा! जी वस्तु मांडावयाची ती आधीं स्वच्छ करून, ओळीनें लावून ठेवावी लागते.

हीच पद्धति पुढें सार्वजनिक जीवनांतहि आलेली दिसते. पुण्यास १८७० सालीं सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती मुळांत पर्वती संस्थानच्या कारभाराविषयींच्या गाऱ्हाण्यांतून. सभेचा नियम असा होता कीं जो सभासद होईल त्यानें निदान पन्नास लोकांचें मुखत्यारपत्र आणावें. म्हणजे बोलणारा एक, आणि त्याच्यामागें ‘होय’ म्हणणारे पन्नास! १८७६-७७ च्या दुष्काळांत याच सभेनें गांवोगांवची माहिती गोळा करून सरकारापुढें ठेविली. लोक हाल सोसतात असें नुसतें म्हणून ती थांबली नाहीं. कोठें काय घडत आहे हें तिनें मांडलें.

आतां आपल्या वर्गांत येऊं. ‘बाई, हा बघा ना!’ हें वाक्य ज्या शिक्षिकेनें दिवसांतून वीस वेळां ऐकिलें नाहीं, ती शिक्षिकाच नव्हे. या वाक्याची तक्रार म्हणून दखल घ्यावी, कीं चहाडी म्हणून तें सोडून द्यावें, हा प्रश्न आम्हांपुढें नित्य उभा असतो. मी एक साधी कसोटी लावितें. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून जें सांगितलें जातें ती चहाडी. झालेली चूक दुरुस्त व्हावी म्हणून जें सांगितलें जातें ती तक्रार. ‘यानें माझी वही फाडली, याला उभें करा,’ आणि ‘यानें माझी वही फाडली, मला उद्यां गृहपाठ दाखवितां येणार नाहीं,’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. मागणी निराळी आहे. मुलांना ही कसोटी समजावून सांगितली, तर तीं ती फार लवकर आत्मसात करतात, कधीं कधीं मोठ्यांपेक्षांहि लवकर.

पत्रलेखनाच्या तासाला आठवीच्या मुलांना मी दरवर्षीं एक विषय देतें: ‘आपल्या वस्तींतील पाणीपुरवठ्याविषयीं संबंधित अधिकाऱ्यांस तक्रारीचें पत्र लिहा.’ बहुतेक पत्रें एकमेकांचीं जुळीं भावंडें असतात. आरंभीं ‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यांत येते कीं’, शेवटीं ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’, आणि मध्यें पाण्याचें महत्त्व! पाणी म्हणजे जीवन हें अधिकाऱ्याला ठाऊक असतेंच. त्याला ठाऊक नसतें तें तुमच्या गल्लींतलें. एका वर्षीं मागच्या बांकावर बसणाऱ्या एका मुलीनें पत्रांत चारच वाक्यें लिहिलीं. ‘आमच्याकडे पाणी पहाटे चारला येतें आणि साडेचारला जातें. आई तीन वाजतां उठून रांगेंत भांडीं लावते. मग दिवसभर तिचें डोकें दुखतें. पाणी सहा वाजतां सोडलें तर आई झोपेल.’ विषयाची ओळ नव्हती, ‘आपली विश्वासू’ नव्हतें. नमुन्याप्रमाणें पाहिलें तर गुण कापले गेले असते. तें पत्र मीं वर्गाला मोठ्यानें वाचून दाखविलें. वर्ग एकदम शांत झाला. मग मीं विचारलें, ‘हें पत्र ज्याला मिळेल त्यानें काय करावयाचें, हें त्याला कळेल का?’ सर्वांनीं ‘हो’ म्हटलें. आणि मला देवळांतल्या त्या ‘व्हय महाराजा’ची आठवण झाली.

येथपर्यंत आपण बोलणाऱ्याचा विचार केला. आतां ऐकणाऱ्याचा करूं. कारण असमाधानाला नांव देण्याचा अधिकार बहुधा ऐकणाऱ्याच्या हातीं असतो, आणि हीच या शब्दांच्या बाबतींतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. मालक नाखूष झाला कीं तो ठपका ठेवतो. नोकर नाखूष झाला कीं तो कुरकुर करतो. वडिलांची ती नाराजी, मुलाचा तो उर्मटपणा. सासू चार शब्द ऐकविते, सून तोंड वर करून बोलते. पुरुषाला वैताग येतो, बाई कटकट करते. श्रीमंत गिऱ्हाइकानें मापाविषयीं शंका काढली तर ती सूचना, गरिबानें काढली तर ती हुज्जत. प्रसंग एकच, असमाधान एकच, बहुधा शब्दहि तेच; परंतु ज्याची बाजू बळकट त्याला वजनदार नांव मिळतें, आणि दुबळ्याच्या वांट्यास नादाचे शब्द येतात. एखाद्याच्या बोलण्याला किरकिर म्हटलें, कीं त्याला उत्तर देण्याची जबाबदारी टळते; रातकिड्याला कोण उत्तर देतो?

म्हणूनच ज्या व्यक्तीनें आपल्या असमाधानाचें नांव स्वतः ठरविलें, तिचें स्मरण येथें करणें अगत्याचें आहे. १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ या पत्रांत एक निबंध प्रसिद्ध झाला. हें पत्र अमेरिकन मराठी मिशननें १८४२ सालीं सुरू केलेलें. निबंधाची लेखिका मुक्ता साळवे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणारी मांग समाजांतील मुलगी, वयानें आमच्या आठवीनववीच्या मुलींएवढी. निबंधाचा विषय मांग-महारांच्या दुःखाविषयींचा. त्या काळीं या लोकांचें म्हणणें ऐकून घेणें दूरच राहिलें. त्यांची सांवलीहि टाळली जात होती. त्यांनीं तोंड उघडलें असतें, तर त्याला काय काय नांवें दिलीं गेलीं असतीं याची कल्पना करणें कठीण नाहीं. या मुलीनें त्यांतलें एकहि नांव स्वीकारलें नाहीं. तिनें ‘दुःख’ हा शब्द निवडला. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणीचे थंडीपावसांत काय हाल होतात, हें तिनें सांगितलें. ज्या धर्मग्रंथांना स्पर्श करण्याची आम्हांला मनाई, तो धर्म आमचा कसा, हें विचारलें. आणि आपल्या लोकांस विद्येचें औषध घ्यावयास सांगितलें. काय झालें, कोणाला झालें, आतां काय केलें पाहिजे! शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, परंतु तो निबंध आजहि वाचला जातो. मराठींत गाऱ्हाणें कसें मांडावें याचा धडा कोणी मागितला, तर मी त्याला याच शाळकरी मुलीचें नांव सांगतें.

आतां एका शब्दाविषयीं लिहितांना मला थोडें थांबावें लागत आहे. तो शब्द माझ्या आईचा. इतक्या मोठ्या शब्दभांडारांतून तिनें स्वतःसाठीं एकच निवडला होता: ‘चालायचंच.’ छपरांतून पाणी गळलें, चालायचंच. गुडघे धरले, चालायचंच. महिन्याचा पैसा वीस तारखेला संपला, चालायचंच. तिच्या तोंडून कधीं कुरकुर निघाली नाहीं, म्हणून साऱ्या आळींत तिची वाखाणणी होत असे, आणि त्या वाखाणणीनें तिचा तो शब्द अधिकच पक्का झाला. साठी उलटल्यावर ती दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेऊं लागली. शेजारून आलेलें माणूस तिला एकदम समोर प्रगट झाल्यासारखें वाटूं लागलें. कोणी विचारलें तर ती हंसून म्हणे, ‘वय झालं, चालायचंच.’ अखेर चष्म्याचा नंबर बदलावयाच्या निमित्तानें तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां त्यांनीं प्रथम हेंच विचारलें, ‘आजी, काय तक्रार आहे?’ आई म्हणाली, ‘तक्रार अशी कांहीं नाहीं.’

तो कांचबिंदु होता. या रोगाचा जो नेहमींचा प्रकार, त्यांत डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं. कडेची नजर हळूहळू जाते आणि समोरचें दिसत राहतें. गेलेली नजर परत आणण्याचा उपाय नाहीं. उरलेली मात्र रोजच्या थेंबांनीं राखतां येते. आईची एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती. दुसऱ्याची पुष्कळशी राखली गेली.

मराठींत आपण ‘पोटाची तक्रार’, ‘गुडघ्याची तक्रार’ असें म्हणतों. हा प्रयोग मीं वर्गांत अनेकदां शिकविला आहे. परंतु त्यांतली खोली मला त्या दिवसानंतर विशेष जाणवली. शरीरसुद्धां तीच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगतें. तक्रार या शब्दाचा मूळ अर्थ तें अक्षरशः पाळतें. चौकटीला आपटलेला खांदा ही तक्रारच होती. तिला भाषा देण्याची संवय मात्र आईला कोणी लाविली नव्हती. उलट न बोलण्याबद्दल जन्मभर शाबासकी दिली होती. सोसणें हा सद्गुण आहे, यांत शंका नाहीं. परंतु जें टाळतां येत नाहीं तें सोसावें. जें सांगितल्यानें सुधारतें, तें न सांगतां सोसण्यांत कोणाचें हित होतें?

आतां आमच्या घरीं एक नवा रिवाज सुरू झाला आहे. संध्याकाळीं आईच्या डोळ्यांत औषध घालण्याचें काम माझ्या भाचीकडे आहे, आणि थेंब घालण्यापूर्वीं ती विचारते, ‘आजी, आजची तक्रार?’ ‘कांहीं नाहीं’ हें उत्तर चालत नाहीं. पहिले कित्येक दिवस आईला शब्द सांपडेनात. ती शेजारणीच्याच तक्रारी सांगे. मग एके दिवशीं म्हणाली, ‘चहा हल्लीं फार पांचट करतां.’ घरांत केवढा आनंद झाला! आतां ती चांगली तयार झाली आहे. परवां तिनें ओळीनें तीन तक्रारी मांडल्या, आणि त्यांतली एक माझ्याविषयीं होती.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या मनांत असमाधान उत्पन्न होईल तेव्हां तें दाबूं नका आणि नुसतें वाजवूंहि नका. काय झालें, केव्हांपासून, कोणाला त्रास होतो, आणि काय केलें तर तो जाईल, एवढ्या चार गोष्टी मनाशीं जुळवा, आणि ज्याच्या हातीं उपाय आहे त्याच्यापुढें मांडा. त्यानें एकदां ऐकिलें नाहीं, तर पुन्हां सांगा. तक्रार या शब्दाचा अर्थच तो आहे. तुमच्याबरोबर ‘होय’ म्हणणारे आणखी कोणी असतील, तर त्यांना बरोबर घ्या. आणि दुसरा कोणी आपलें गाऱ्हाणें मांडीत असेल, व तें खरें असेल, तर तुम्ही गप्प उभे राहूं नका. तुमच्या एका ‘होय’नें त्याचें बळ वाढतें.

पालकहो, आपणांस एवढीच विनंती. मुलाच्या बोलण्याला किरकिर म्हणण्यापूर्वीं त्याचें वाक्य पुरें होऊं द्यावें. शाळेंत जावयाचें नाहीं म्हणून जें मूल रोज पोट दुखल्याचें सांगतें, त्याचें पोट दुखत नसेलहि. परंतु त्याचें कांहींतरी दुखत असतें, आणि त्यासाठीं त्याच्यापाशीं अजून शब्द नसतो. तो शोधावयास त्याला मदत करणें हें काम शाळेचें आहे, तसेंच घराचेंहि आहे. आणि आपल्या घरांतलें एखादें माणूस फार दिवसांत कशाविषयींच कांहीं बोललें नसेल, तर तें सुखांत आहे असें गृहीत धरूं नका. आज संध्याकाळीं त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा.